कॅननच्या बॉडीवर रशियन ज्युपिटर

शेजारच्या इमारतीतल्या एका पोराला आजोबांच्या कपाटात कॅनन पी, म्हणजे जुना फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा, सापडला. लेन्स नव्हती. तो मला विचारायला आला, "काका, यावर रशियन लेन्स चालेल का?" मी म्हटलं, बसेल नक्की. चालेल का, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. 'बसणं' आणि 'चालणं' यांतला फरक तिथे पहिल्याच महिन्यात कळतो. जुन्या रेंजफाइंडरवर (फाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर) दुसऱ्या कंपनीची लेन्स लावायची, तर सगळा खेळ एवढाच आहे. त्या पोराला चार रविवार बसून जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

आधी आट्यांचं बघू. लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या जुन्या स्क्रू-माउंटचा (आट्यांनी लेन्स बसवायच्या जागेचा) व्यास ३९ मिलिमीटर, पण आटे इंचाला २६. मेट्रिक व्यास आणि इंची पिच (आट्यांमधलं अंतर)! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती. पण हेच माप कॅननने घेतलं, निकॉनने लायकासाठी बनवलेल्या निक्कॉर लेन्सनी घेतलं, आणि रशियन फेड-झोर्की कॅमेऱ्यांवरच्या लेन्सही त्यातच बसतात. लेन्सच्या बसण्याच्या कडेपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटर. हा आकडा पाठ करा, पुढे लागणार आहे.

"दुसऱ्या कंपनीची म्हणजे दुय्यम" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १९५० साली टोकियोत जून मिकी नावाच्या तरुण फोटोग्राफरने ८५ मिलिमीटर एफ/२ निक्कॉर लावून अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाचा फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन याचा फोटो काढला. प्रिंट बघून डंकन थेट निप्पॉन कोगाकूच्या (आजच्या निकॉनच्या) कारखान्यात गेला, आणि त्याच वर्षी कोरियाच्या युद्धावर लायकाला निक्कॉर लावून गेला. आणखी एक गंमत म्हणजे कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा, १९३६ चा हान्सा कॅनन, त्यावरही लेन्स निक्कॉरचीच होती. त्यामुळे कॅननवर परकी लेन्स हे काही पाप नाही.

आता खरेदी. ३९ मिलिमीटरचे आटे दिसले की लोक पैसे काढतात, आणि तिथेच फसतात. रशियनांनी झेनिट नावाचे एसएलआरही (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच बघायचे कॅमेरे) काढले, आणि सुरुवातीच्या झेनिटना हेच ३९ मिलिमीटरचे आटे होते. ती लेन्स कॅनन पी-वर छान फिरत बसते. पण तिला फिल्मपासून ४५.२ मिलिमीटर अंतर हवं असतं, त्यामुळे इथे ती कशावरच फोकस होत नाही. मला एका विक्रेत्याने अशीच इंडस्टार-५० 'रेंजफाइंडरची' म्हणून पाठवली होती. त्याच नावाची लेन्स दोन्ही प्रकारांत मिळते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ओळखायचं कसं? लेन्स उलटी करा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे, आट्यांच्या आत, फोकसबरोबर मागे-पुढे होणारी एक गोल धातूची कड असते. हीच कॅम, बॉडीतल्या तरफेला ढकलणारी. ती नसेल तर लेन्स आपली नाही. एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्राच्या) लेन्सही याच आट्यांच्या असतात. त्यांना तर फोकसची रिंगच नसते.

दुसरी फसवणूक जरा भारी. लेन्सवर 'कार्ल झाइस येना झोनार' असं नावाजलेल्या जर्मन लेन्सचं नाव कोरलेलं, आटे लायकाचे, किंमत दणदणीत. यातल्या बऱ्याच मूळच्या रशियन ज्युपिटर लेन्स असतात, नाव नंतर कोरलेलं. तसं नातं खरंच आहे: ज्युपिटर-८ ही लुडविग बेर्टेलेने रचलेल्या झोनारचीच रशियन आवृत्ती, तीन गटांत सहा भिंगं. पण ज्युपिटर ज्युपिटरच्या भावातच घ्यावी. रशियन लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात, तेही बघून घ्या.

लेन्स हातात आली की अपर्चर (प्रकाश आत सोडणारं, लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ थर असेल तर तो हेझ. रशियन लेन्सवर एखाददुसरा बुडबुडा किंवा चरा दिसला तर सोडून द्या, फोटोत येत नाही. हेझ मात्र सोडू नका. कॅननच्या स्वतःच्या ५० मिलिमीटर एफ/१.८ ला हे दुखणं फार. अपर्चरच्या मागच्या भिंगावर हेझ धरतो, आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला तर काच खातो. पुसून निघाला तर नशीब. त्या पोराला मी कॅननची लेन्स सोडून ज्युपिटर घ्यायला लावली ती एवढ्यासाठीच. समोर आलेल्या तीन कॅननपैकी तिन्ही दुधाळ होत्या.

बसवताना लेन्स सरळ धरा आणि आधी अर्धा फेरा उलटी फिरवा. आटे जुळले की बारीकशी 'टक' जाणवते, मग सुलटी. दोन बोटांनी जेवढं फिरेल तेवढंच. कधीकधी रशियन लेन्स पूर्ण बसल्यावर तिची मधली खूण बरोबर वर न येता जरा बाजूला थांबते. दिसायला वाईट, पण काम बिघडत नाही. खूण वर आणायच्या नादात पिळू नका. ज्युपिटर-८ फोकस करताना पुढचा भाग अपर्चरच्या रिंगसकट फिरतो, म्हणून फोकस झाल्यावर अपर्चर बदललंत तर पॅच (फाइंडरच्या मध्यावरची, जुळवायची दुहेरी प्रतिमा) पुन्हा बघा.

आता मुख्य काम. कॅनन पी-चा एक मोठा गुण म्हणजे पाठ दारासारखी उघडते. लायका थ्री-एफ सारख्या कॅमेऱ्यात फिल्म खालून भरायची, पाठ उघडतच नाही, म्हणजे ही तपासणी रोल खर्चूनच करावी लागते.

फिल्म न भरता पाठ उघडा. आत चार पट्ट्या दिसतील, दोन आतल्या आणि दोन बाहेरच्या. फिल्म टेकते ती आतल्या पट्ट्यांवर. तिथे दुधी चिकटपट्टी ताणून लावा, अजिबात झोळ नको. शटर बी-वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं), केबल रिलीज लावून उघडं ठेवा. अपर्चर एफ/२, म्हणजे पूर्ण उघडं. कॅमेरा स्टँडवर. एक मीटरवर स्टीलची पट्टी पंचेचाळीस अंशांत तिरकी ठेवा आणि तिच्या मधल्या आकड्यावर रेंजफाइंडरने पॅच जुळवा. मग मागून लूपने (छोट्या भिंगाने) चिकटपट्टीवरचं उलटं चित्र बघा: कोणता आकडा सर्वांत टोकदार आहे? मधलाच असेल तर देवाला नारळ फोडा.

आमचा नव्हता. साधारण तीन सेंटिमीटर मागचा आकडा टोकदार होता. याचं कारण कळलं तेव्हा मला टूलरूममधली जुनी भांडणं आठवली. लायकाचा, आणि त्याच मापाने चालणाऱ्या कॅननचाही, रेंजफाइंडर '५०' ची लेन्स खरी ५१.६ मिलिमीटरची आहे असं धरून चालतो. ज्युपिटर झाइसच्या वळणाची, ती खरी ५२.४ च्या आसपास. दोन्हीवर लिहिलेलं '५०'! एक मीटरवर फोकस करायला पहिलीला सुमारे २.८ मिलिमीटर पुढे यावं लागतं, दुसरीला २.९. बॉडी २.८ वर "जुळलं" म्हणते आणि लेन्स दहावा भाग मिलिमीटर मागेच राहते. फिल्मवरचा ०.१ मिलिमीटर म्हणजे एक मीटरवर तीन सेंटिमीटर. एफ/२ ला मागे-पुढे दोनेक सेंटिमीटरच चालून जातात. म्हणून पॅच डोळ्यावर जुळवला तरी टोकदार येतं ते कानशील.

पण माझं ऐकून लगेच लेन्स उघडू नका. आधी लांबचं बघा. माझ्या धायरीच्या गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. पॅच त्यावर जुळवायचा आणि मागून तो टोकदार आहे का बघायचं. लांबचं बरोबर आणि जवळचं मागे जात असेल तर वर सांगितलेलाच प्रकार. दोन्ही एकाच दिशेने हललेलं असेल तर कोणीतरी लेन्स उघडून चुकीची जोडली आहे, किंवा बॉडीचाच रेंजफाइंडर सरकला आहे. दोष कोणाचा हे ठरवायला खात्रीची दुसरी लेन्स लावून बघा. एका लेन्सवरून बॉडीला दोष देणं म्हणजे एका जॉबवरून लेथ बदलण्यासारखं आहे.

दुरुस्ती शिमची, म्हणजे फटीत घालायच्या पातळ पत्र्याची. ज्युपिटर-८ मध्ये भिंगांचा गट फोकसच्या नळीत आट्यांनी बसतो आणि मध्ये एक पातळ चकती असते. तो गट काढायचा, चकती जाड करायची, परत बसवायचा. भिंगं पुढे सरकतात, कॅम आहे तिथेच राहते. मला पितळी शिम मिळाली नाही, तेव्हा मी स्वयंपाकघरातलं फॉइल घेतलं. मायक्रोमीटरवर ०.०१५ भरलं. चार थरांची अंगठी कापली, ०.०६. ("पोळ्या कशात बांधू आता?" हा प्रश्न घरातून आलाच.)

पूर्ण ०.१ का नाही टाकलं? कारण मग एफ/२ वर टॉवर धूसर होतो. ०.०६ मध्ये दोघांना थोडं-थोडं भागवलं: जवळचा डोळा मर्यादेत आला, आणि लांबचं एफ/४ पासून कडक. लांबचा डोंगर एफ/२ वर काढायची वेळ येतेच कितीदा?

एक गोष्ट मात्र कळवळून सांगतो. भिंगांचा गट काढा, पण फोकसचे मोठे आटे खूण केल्याशिवाय उकलू नका. त्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात आणि बरोबर एकच. माझ्या पहिल्या ज्युपिटरचं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालं होतं म्हणून मी एका झटक्यात सगळं उकललं, आणि बरोबर तोंड शोधण्यात दोन रविवार गेले. एकतीस वर्षं आटे कापलेल्या माणसाचे!

लायकाच्या एम बॉडीवर, म्हणजे १९५४ च्या एम-३ पासूनच्या, हीच लेन्स लावायची तर मध्ये एक मिलिमीटरची रिंग लागते, कारण एम-चं अंतर २७.८. रिंग फोकल लेंग्थप्रमाणे (लेन्सवरच्या ३५, ५० अशा आकड्याप्रमाणे) घ्या, नाहीतर व्ह्यूफाइंडरमध्ये चुकीची चौकट उमटते. स्वस्त रिंगा मोजून घ्या. माझ्याकडची एक ०.९४ भरली. गंमत अशी की ५० च्या लेन्सवर ती चूक आपोआप पचते: भिंगं आणि कॅम दोन्ही सारखीच मागे जातात, रेंजफाइंडर खरंच बोलतो, फक्त रिंगवरचे मीटरचे आकडे खोटे ठरतात. ३५ किंवा ८५ वर ही माफी नाही. तिथे कॅम भिंगांपेक्षा वेगळ्या वेगाने चालते, चूक फिल्मवर येतेच. दुसऱ्या एका रिंगचे आटे चक्क एक मिलिमीटर पिचचे होते. दोन फेऱ्यांत आवळली. जोर न लावता काढली आणि फेकली.

ज्युपिटर-१२, म्हणजे ३५ ची, तिचं मागचं भिंग बॉडीत खोल शिरतं. लायका एम-५ आणि सीएल-मध्ये प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा दांडा फिल्मसमोर येतो, तिथे ती लावायचीच नाही. इतर बॉडीतही आधी खोली मोजा. ज्युपिटर-९ ही ८५ ची. कॅनन पी-मध्ये ३५, ५० आणि १०० अशा तीनच चौकटी कायम दिसतात, त्यामुळे ८५ चा अंदाज ५० आणि १०० च्या मध्ये मनानेच करायचा. मला ते जमत नाही, मी वर वेगळा फाइंडर लावतो.

वापरताना हूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कड) हवाच. या लेन्सवर कोटिंग एकाच थराचं, आडवं ऊन शिरलं की सगळं राखाडी. ज्युपिटर-८ ला ४०.५ चा बसतो, कॅननच्या एफ/१.८ ला ४० चा. अर्ध्या मिलिमीटरसाठी दोन हूड घ्यावे लागतात. शिवाय रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. कापडी पडद्याच्या झोर्की-लायकावर लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात ठेवलात, तर लेन्स भिंगासारखी ऊन गोळा करून पडद्याला भोक पाडते. कॅनन पी-चा पडदा स्टीलचा, तो जळत नाही पण बोट लागलं की सुरकुततो. झोर्की-४ घेतलात तर शटर स्पीड फिल्म पुढे ओढल्यानंतरच बदला, आधी नाही.

पहिला रोल वहीसोबत काढा: फ्रेम, अंतर, अपर्चर. एकच माणूस एक मीटर, दीड मीटर, तीन मीटरवर, प्रत्येकी एफ/२ आणि एफ/४ ला. बाकीच्या फ्रेम हव्या तशा उडवा.

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, बुरशीला ते माहेरच. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि दर महिन्याला जेल तव्यावर गरम करून कोरडं करायचं. त्या पोराच्या डब्याच्या झाकणाला आतून मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: "ज्यु-८, कॅनन पी. शिम +०.०६. १ मी. एफ/२ ठीक. लांबचं एफ/४ पासून. आटे उकलू नयेत."