फुकटचा कार्बन तणाच्या घशात घालू नका

पेरणी उरकली की महिनाभर शेताकडे फिरकायचं नाही आणि तण गुडघ्याला लागलं की मजुरांच्या मागे धावायचं. कोरडवाहू पीक इथंच हातचं जातं, आणि खापर फुटतं पावसावर. पहिली कोळपणी, म्हणजे कोळप्यानं ओळींमधलं तण काढणं, १५ ते २० दिवसांत झालीच पाहिजे. वाफसा आला, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी झाली, की त्याच दिवशी, बाकीची कामं राहू द्या.

यंदा हे जास्त निकडीनं सांगतोय. कारखानदारीआधी हवेत कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २८० भाग) आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. तो वाढला की पानांची रंध्रं थोडी मिटतात, बाष्प कमी उडतं, ओल जास्त टिकते. तूर-हरभऱ्याची वाढही सुधारते. ज्वारी-बाजरीला वाढीचा फायदा नगण्य, ओलीचा मात्र होतो.

पण हाच वायू गाजरगवताला आणि चांदवेलीलाही मिळतो, आणि वाचलेल्या ओलीवर पहिला डल्ला त्यांचाच. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात १९९७ ते २००७ पर्यंत मुद्दाम जास्तीचा वायू सोडून पाहिला. चांगल्या पावसाच्या वर्षी बाहेरून आलेलं गवत फोफावलं. दहा वर्षांनी मूळ झुडपांचं वजन मात्र वाढलेलं दिसलं नाही.

माझा एक ठोकताळा आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका: दुपारी तुरीनं पानं मिटली आणि शेजारचं गाजरगवत टवटवीत उभं असेल, तर कोळपणीला उशीर झालाय.

दुकानात वाढीचं टॉनिक गळ्यात मारतील. घेऊ नका. कार्बन हवेत फुकट आहे, अडतं ते ओलीवर आणि नत्र-स्फुरदावर. महागड्या ग्लायफोसेट तणनाशकावरही विसंबू नका. जास्त कार्बनमध्ये वाढलेली काही तणं नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत, असं प्रयोगांत दिसलंय.

बाकी कामं:
- तूर, हरभरा: रायझोबियम (नत्र मिळवून देणारं जिवाणू खत) २५० ग्रॅम, १० किलो बियाण्याला.
- तूर: पेंडिमेथालिन ३० ईसी हे तणनाशक, हेक्टरी २.५ ते ३.३ लिटर, ५०० लिटर पाण्यातून. पेरल्यावर, उगवणीआधी, ओल्या जमिनीवरच.
- दुसरी कोळपणी ३० ते ३५ दिवसांनी, ओळीतलं तण खुरप्यानं.
- काढलेलं तण ओळींत आच्छादन म्हणून. फुलावर आलेलं गाजरगवत त्यात नको.
- गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून. बांधावरचंही.