लघुउद्योगासाठी सार्वजनिक विकास वित्त कसे मिळवावे

विकास वित्तसंस्थेचा, म्हणजे विकासाच्या उद्देशाने सरकारी पाठबळावर उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या संस्थेचा, पैसा लघुउद्योजकाच्या हाती सहसा थेट येत नाही, हे अर्ज करण्याआधीच समजून घेतले तर बरीच वणवण वाचते. १९५६ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ, नेदरलँड्सची एफएमओ किंवा फ्रान्सची प्रोपार्को या संस्था मुख्यतः मोठ्या रकमांचे व्यवहार करतात. लहान उद्योगांसाठीचा निधी त्या स्थानिक बँका, भाडेपट्टीने यंत्रे देणाऱ्या कंपन्या किंवा गुंतवणूक निधी यांच्यामार्फत पोहोचवतात, किंवा अशा बँकांच्या कर्जातील जोखमीचा काही भाग स्वतःकडे घेतात. म्हणून आपल्या देशातील कोणत्या बँकेला असा निधी मिळाला आहे, हे आधी शोधावे. बऱ्याच संस्था आपल्या प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर प्रसिद्ध करतात. तिच्यात बँकेचे नाव आणि निधीचा उद्देश पाहावा. शाखेत ही योजना ठाऊक नसेल, तर मुख्य कार्यालयातील लघुउद्योग विभागाकडे लेखी विचारणा करावी.

यानंतरचे काम कागदपत्रांचे असून माझ्या मते खरा निकाल इथेच लागतो. व्यवसायात येणारा-जाणारा पैसा बँकेला दिसत नाही, तेव्हा ती जमीन आणि इमारतीचे तारण मागते, आणि नेमके तेच बहुतेक लहान उद्योजकांकडे, विशेषतः अनेक देशांत मालमत्ता स्वतःच्या नावावर नसलेल्या स्त्रियांकडे, नसते. त्यामुळे घरखर्च आणि धंदा यांची खाती वेगळी करावीत, विक्री शक्य तितकी बँक खात्यातून फिरवावी, मागील दोन-तीन वर्षांचा ताळेबंद व नफा-तोटा पत्रक तयार ठेवावे आणि येत्या वर्षाच्या रोख प्रवाहाचा महिनावार अंदाज मांडावा. यंत्रासाठी मुदत कर्ज आणि कच्च्या मालासाठी खेळते भांडवल अशी मागणी वेगवेगळी करावी.

पतहमीबद्दल, म्हणजे कर्ज थकल्यास बँकेला भरपाई देण्याच्या दुसऱ्या संस्थेच्या हमीबद्दल, मोठा गैरसमज आढळतो; ती आपल्याला कर्जातून सोडवेल असे कर्जदाराला वाटते. ही हमी बँकेचे नुकसान भरून काढण्यासाठी असते. कर्ज थकले तर कर्जदाराची जबाबदारी संपत नाही. हमीमुळे तारण किती कमी होणार आणि हमीशुल्क कोण भरणार, हे दोन प्रश्न करारापूर्वी विचारलेच पाहिजेत.

चलनाचा मुद्दा याहून गंभीर आहे. कर्ज डॉलरमध्ये आणि उत्पन्न स्थानिक चलनात असेल, तर स्थानिक चलनाचे डॉलरमधील मूल्य २० टक्क्यांनी घसरताच १०० ची परतफेड १२५ होते, आणि व्याजदर कमी असल्याचा सारा लाभ त्यात बुडतो. ही जोखीम पेलण्यासाठी २००७ मध्ये टीसीएक्स नावाचा निधी स्थापन झाला, पण त्याचा व्यवहार वित्तसंस्थांशी असतो. निर्यातीतून डॉलर मिळत नसतील, तर स्थानिक चलनातील कर्ज महाग वाटले तरी तेच मागावे.

शस्त्रे, तंबाखू, जुगार अशा व्यवसायांना हा निधी सहसा मिळत नाही, तसेच बालमजुरी व वेठबिगारीवर सक्त बंदी असते. कामगारांच्या नोंदी आणि पर्यावरण परवाने आधीच अद्ययावत करावेत.

अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. कारण तारणाचे असेल तर पतहमी देणाऱ्या दुसऱ्या बँकेकडे जाता येते. ते हिशेबांचे असेल तर निदान दोन तिमाहींचे नीट हिशेब जमवून त्याच बँकेकडे पुन्हा अर्ज करणे अधिक फायद्याचे ठरते, कारण जुनी खाती आणि व्यवहार तिच्यासमोर असतात.