माशाचा रंग कशाला धरून असतो, आणि तो स्वयंपाकापर्यंत कसा टिकवायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे समुद्राचा मासा घाट चढून येतो. चोर्ला असो की आंबोली, बंदरावरून निघून आपल्या बाजारात पोचेपर्यंत तो कित्येक तास बर्फात पडलेला असतो. एवढ्या वेळात सगळ्यात आधी बदलतो तो रंग. म्हणून मांसातला रंग कुठल्या प्रथिनाला चिकटलेला आहे हे कळलं, की काय विकत घ्यायचं, काय धुवायचं आणि आमसूल केव्हा घालायचं हे ठरवणं सोपं जातं. (कारवारकडचा विक्रेता बांगड्याला बंगुडे आणि कोळंबीला सिगडी म्हणेल, घोटाळा नको.)

आधी घरच्या घरी दोन वाट्यांची चाचणी करून बघा. बांगड्याच्या कण्याजवळचा आणि बाजूचा काळपट लाल भाग 20 ग्रॅम काढा, ठेचा आणि 100 मिली थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी लालसर होईल. दुसरीकडे कोळंबीची 50 ग्रॅम टरफलं पाण्यात ठेवा. पाण्याला वास येईल, रंग मात्र जवळजवळ येणार नाही. आता तीच टरफलं निथळून, पुसून, चार चमचे तेलात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. तेल नारिंगी होतं. एक रंग पाण्यात उतरतो, दुसरा तेलात. पुढचं बरंचसं याच फरकावर चालतं. (नारिंगी तेल टाकून देऊ नका, कोळंबीच्या आमटीला त्याच तेलाची फोडणी द्या.)

लाल पाण्यात उतरतं ते मायोग्लोबिन. ते स्नायूतलं प्रथिन आहे. त्याच्या खोबणीत हीम नावाचं वर्तुळ बसलेलं असतं आणि वर्तुळाच्या मधोमध लोहाचा एक अणू असतो. रंग दिसतो तो या वर्तुळामुळे. लोहाजवळ ऑक्सिजन असेल तर मांस लालभडक, नसेल तर जांभळट. लोहाचंच ऑक्सिडीकरण झालं की तपकिरी. सतत पोहणाऱ्या माशाला ऑक्सिजन साठवावा लागतो, म्हणून कुपा किंवा गेदर, म्हणजे ट्यूना, जवळजवळ सगळाच लाल असतो. बांगडा आणि पेडवे यांच्यात काळपट पट्टा जाड असतो. हिडकलच्या धरणातल्या किंवा चिक्कोडीकडे कृष्णेत मिळणाऱ्या राहू-कटल्यात तो बारीक असतो आणि बाकी मांस पांढरं.

माशाचं मायोग्लोबिन बकऱ्याच्या मानाने लवकर तपकिरी होतं. उष्णता, आंबटपणा आणि मीठ या तिन्हींनी वेग वाढतो. मीठ, हळद, आमसूल एकदम चोळून बांगडा दोन तास ओट्यावर ठेवायची पद्धत त्यामुळेच फसते: रंग जातो, आणि सुटं झालेलं लोह चरबीला खवट करतं. हळद आधी लावली तर चालते. मीठ आणि आमसुलाचं पाणी तव्यावर टाकण्याआधी 15-20 मिनिटं लावा, आणि तेवढा वेळही फ्रिजमध्ये. आणखी एक: तुकडे एकावर एक रचू नका. जिथे हवा अगदी थोडीशी पोचते तिथे तपकिरीपणा सगळ्यात लवकर येतो. मोकळ्या हवेतल्या पृष्ठभागापेक्षा दोन तुकड्यांच्या मधली बाजू आधी काळवंडलेली दिसते ती यामुळे. एक थर पसरा, किंवा हवा पूर्ण काढून पिशवी घट्ट बांधा. मधली स्थिती सगळ्यात वाईट.

धुण्याबद्दलही हेच. पाण्यात विरघळणारं प्रथिन पाण्याबरोबर जातं, चवीसकट. अख्खा मासा थंड पाण्याने स्वच्छ धुवा, पोटातलं रक्त कण्याजवळून अंगठ्याने खरवडून काढा. तुकडे केल्यानंतर मात्र एकदाच, पटकन. पाण्यात बुडवून ठेवलेले तुकडे फिकट आणि भुसभुशीत होतात. बर्फाचंही तसंच: अख्खा मासा थेट बर्फात, तुकडे पिशवीत घालून मग बर्फात, म्हणजे वितळलेलं पाणी रंग ओढत नाही. गोव्याहून स्वतः आणत असाल तर थर्मोकोलच्या पेटीत एक किलो माशाला एक किलो बर्फ, खाली-वर थर देऊन, आणि पाणी निथळायला तळाला भोक. एप्रिल-मे महिन्यात बर्फ थोडा जास्तच घ्या.

फ्रीजरबद्दल गैरसमज फार आहेत. घरचा फ्रीजर उणे 18 अंशांपर्यंत जातो. तेवढ्याने जंतू थांबतात, तपकिरी होणं थांबत नाही, मंदावतं. कच्चा खाण्यासाठीचा ट्यूना उणे 60 अंशांच्या आसपास ठेवतात तो त्याच कारणाने. खेड्यात वीज तासन्‌तास जाते तिथे आणखी भर पडते: बर्फ वितळून पुन्हा गोठताना स्फटिक मोठे होतात, स्नायूच्या पेशी फुटतात, आणि मासा काढला की ताटात लालसर पाणी साचतं. तो रंगच निघून चाललेला असतो. बांगड्यासारखा तेलकट मासा ठेवायचाच असेल तर अख्खा गोठवा, घट्ट झाल्यावर बर्फाच्या पाण्यात दोनदा बुडवून काढा म्हणजे वर काचेसारखं कवच येतं, आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. काढताना आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गरम पाण्याखाली धरणं म्हणजे बाहेरून शिजवणं आणि आतून गोठलेलं ठेवणं.

जून आणि जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत समुद्राचा बांगडा मिळाला तर बहुधा तो गोठवलेला असणार. त्यात वाईट काही नाही, पण ताज्याच्या भावाने घेऊ नका. त्या दोन महिन्यांत राहू-कटला घेणं शहाणपणाचं.

रंगावर विश्वास कुठे ठेवू नये, तेही सांगायला हवं. ट्यूनाचे तुकडे दिवसभर उघड्यावर राहूनही गुलाबी-चेरी लालच राहिले तर संशय घ्या. कार्बन मोनॉक्साइडने प्रक्रिया केली तर तो वायू लोहाला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो आणि लाली मासा नासल्यावरही जात नाही. युरोपात माशावर ही प्रक्रिया चालत नाही. उलट किंचित तपकिरी कडा असलेला, वास स्वच्छ असलेला तुकडा जास्त प्रामाणिक. कुपा, बांगडा, पेडवे, सुरमई उबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन नावाचं बाधा करणारं द्रव्य तयार होतं. ते रंगात दिसत नाही आणि शिजवून जात नाही. खाताना जीभ चुरचुरली, तोंड लाल झालं तर घास तिथेच थांबवा.

शिजताना मायोग्लोबिनचं प्रथिन 60-70 अंशांच्या आसपास उलगडतं, वर्तुळ उघडं पडतं आणि मांस राखाडी-तपकिरी होतं. वरच्या चाचणीतलं लाल पाणी तापवून बघा, तपकिरी चोथा वेगळा पडेल. कधीकधी शिजलेला ट्यूना हिरवट दिसतो. तो नासलेला असेलच असं नाही. माशात मुळातच असणारं ट्रायमिथिल अमाइन ऑक्साइड हे द्रव्य आणि मायोग्लोबिन यांची तापताना होणारी क्रिया त्याला कारण असते.

आता तेलात उतरणारा रंग. तो अ‍ॅस्टाझॅन्थिन, 40 कार्बनांची लांब साखळी आणि दोन्ही टोकांना वर्तुळं. कोळंबी-कुर्लीत ती एका प्रथिनात घट्ट अडकलेली असते आणि त्या पकडीत रंग निळसर-राखाडी दिसतो. उष्णतेने प्रथिन सैल पडलं की मूळ नारिंगी उघडा होतो. टरफल लाल झालं म्हणजे आतलं मांस शिजलं, असं मात्र नाही. लाली आधी येते. आतला भाग पारदर्शक राहिला नाही, दुधाळ झाला, की उतरवा. मध्यम कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात, जास्त झालं की रबर.

टरफलावर काळे डाग दिसले तर ते एका विकराचं (एन्झाइमचं) काम, कापलेल्या सफरचंदासारखं. डाग म्हणजे कोळंबी नासली असं नव्हे, पण बर्फ कमी पडला होता असं समजा.

गोठवलेला सामन, म्हणजे नारिंगी मांसाचा परदेशी मासा, आणत असाल तर त्याची गोष्ट निराळी. त्याचा नारिंगी रंगही अ‍ॅस्टाझॅन्थिनचाच, पण सामनला तो स्वतः बनवता येत नाही, तो खाण्यातून येतो: समुद्रात कोळंबीवर्गीय जीवांतून, मत्स्यशेतीत पाळलेल्या माशांना खाद्यात मिसळून. स्नायूत तो आकुंचनाच्या तंतूंमधल्या प्रथिनांपाशी बसतो. रासायनिक गाठ नसते, फक्त तेलकट भागाला तेलकट भाग चिकटल्यासारखी ढिली पकड. टोकांच्या वर्तुळांवर ऑक्सिजन असलेलेच रंग नीट बसतात, म्हणून अ‍ॅस्टाझॅन्थिन टिकतं आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन तितकं चिकटत नाही. ही प्रथिनं साध्या पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे सामन धुतला तरी रंग जात नाही. शिजवल्यावरही तो गुलाबी राहतो, कारण इथे लोह नाही. वर येणारा पांढरा साका म्हणजे गोठलेलं विद्राव्य प्रथिन. आच कमी ठेवा, कमी येईल. मात्र उजेड आणि हवेने रंग फिका पडतो आणि जादा तेलात तळला तर थोडा तेलात उतरतो. तव्यावर एक चमचा तेल पुरे.

आणि रावस. त्याला इंग्रजी फलकावर इंडियन सामन लिहितात, पण तो सामन नव्हे आणि त्याचं मांस तसं नारिंगी नसतं. नारिंगी रावस दिसला तर विकणाऱ्याला विचारा की याला रंग कुणी दिला.