नाताळच्या रात्रीच्या जेवणाचा बेत

नाताळच्या जेवणाचा बेत पदार्थांच्या नावांपासून नव्हे, तर पाहुण्यांच्या यादीपासून सुरू करावा, कारण कोल्हापुरात एकाच घरी जेवायला येणाऱ्या मंडळींच्या पथ्यांत फार फरक असतो. आमच्याकडे २५ डिसेंबरच्या रात्री घरची आठ आणि बाहेरची सहा अशी चौदा पाने असतात. बाहेरच्यांत चर्चच्या मंडळीतले एक जोडपे, शेजारचे जैन पती-पत्नी आणि माळ घातलेली दोन वारकरी माणसे असतात. म्हणजे दहा पाने मांसाहारी आणि चार शाकाहारी. हा हिशेब कागदावर मांडल्यानंतरच पुढचे प्रमाण ठरते.

यादी हाती आली की पंचांग पाहावे. काही वर्षी नाताळ मार्गशीर्षात येतो, आणि त्या महिन्यात, विशेषतः गुरुवारी, अनेक हिंदू घरांत मांसाहार होत नाही; एरवीही त्या दिवशी सोमवार, शनिवार किंवा एकादशी असली तर एरवी आवडीने मटण खाणारा पाहुणा शाकाहारी पानावर बसतो. जैन पाहुण्यांना कांदा, लसूण, बटाटा आणि गाजर चालते का, आणि ते सूर्यास्तानंतर जेवतात का, हे आठवडाभर आधी मोकळेपणाने विचारावे. डिसेंबरअखेर कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून आम्ही त्यांचे ताट साडेपाचलाच वाढतो आणि घरातली दोन माणसे त्यांच्यासोबत जेवायला बसतात, म्हणजे त्यांना एकटे जेवल्यासारखे वाटत नाही. मुसलमान स्नेही येणार असतील तर मटण हलाल असल्याची खाटकाकडे खात्री करून घ्यावी आणि केकमध्ये रम घालू नये.

बेताची खरी कसोटी मात्र वेगळी आहे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सकाळच्या उपासनेला जाता आले पाहिजे आणि रात्री सर्वांसोबत पंगतीत बसता आले पाहिजे. एका वर्षी आम्ही रोस्ट चिकन, बिर्याणी, मटण, दोन भाज्या आणि तीन तळणीचे पदार्थ ठरवले. आई शेवटचा घाणा काढत होती तेव्हा पाहुणे दारात चपला घालत होते. तेव्हापासून भात सोडून त्या दिवशी ताजे करायचे पदार्थ पाचच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असे आम्ही ठरवले आहे.

पाच पदार्थांत पंगत भरगच्च वाटावी यासाठी कोल्हापूरच्या स्वयंपाकाइतकी सोयीची पद्धत मला दुसरी दिसत नाही, कारण इथे एकाच पातेल्यातून तीन पदार्थ निघतात. दहा माणसांसाठी हाडासकट अडीच किलो मटण घ्यावे आणि त्यात मांडी, चाप व नळी तिन्ही असावीत. नळीशिवाय रस्स्याला अंग येत नाही. मटणाला हळद, मीठ आणि आले-लसूण लावून, थोड्या तेलात परतून, सुमारे पाच लिटर गरम पाणी घालून ते मंद आचेवर शिजवले की जी अळणी तयार होते, तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. कुकरमध्ये वेळ वाचतो, पण पातेल्यात झाकणावर पाणी ठेवून शिजवलेल्या अळणीची चव अधिक खोल असते, आणि वर्षातून एकदा एवढा वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते. शिजलेले मटण वेगळे काढून कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणात सुके करावे. उरलेल्या अळणीचे दोन भाग करावेत. मोठ्या भागाचा तांबडा रस्सा आणि लहान भागाचा पांढरा. तिखट न सोसणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन वाट्या अळणी तशीच बाजूला ठेवावी.

पांढऱ्या रस्स्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काजू, खसखस आणि पांढरे तीळ भिजवून गंधासारखे बारीक वाटावेत, तुपात दालचिनी, लवंग, वेलची आणि मिरी फोडणीला घालून त्यात ते वाटण परतावे, मग गरम अळणी ओतावी आणि अगदी शेवटी दोन नारळांचे घट्ट दूध घालावे. दूध घातल्यावर उकळी येऊ दिली तर रस्सा फुटतो, म्हणून सतत ढवळत फक्त गरम करावा. हे काम पाने मांडायला घेतल्यावरच करावे. पांढरा रस्सा असताना सोलकढी ठेवू नये. दोन्हींत नारळाचे दूध असते आणि पोट लवकर भरते. त्याऐवजी दही-कांदा पुरे होतो.

शाकाहारी पानांना उरलेसुरले वाढल्यासारखे वाटू नये. कांदा-लसूण खाणाऱ्यांसाठी झणझणीत अख्खा मसूर हा आपल्या भागातला पदार्थ मटणाच्या तोडीचा मान मिळवतो. जैन पाहुण्यांसाठी डिसेंबरातल्या ताज्या मटाराची आणि पनीरची टोमॅटो-काजूच्या रसातली भाजी करावी, त्यात ओल्या आल्याऐवजी सुंठ घालावी, आणि ती सर्वांआधी, वेगळ्या कढईत व वेगळ्या पळीने करावी. भातासाठी आजऱ्याचा घनसाळ एक किलो पुरतो. त्याच्या सुगंधामुळे साध्या भातालाही सणाची कळा येते. अठ्ठावीस-तीस ज्वारीच्या भाकऱ्या मात्र घरी बडवत बसू नयेत. ओळखीच्या पोळी-भाकरी केंद्रात दोन दिवस आधी सांगून ठेवाव्यात.

टर्कीचा हट्ट धरू नये. विलायतेत त्या दिवशी टर्की, तिच्या पोटात भरलेले सारण आणि क्रॅनबेरीची चटणी असते, पण चार-पाच किलोचा तो पक्षी आपल्या घरगुती ओव्हनमध्ये मावत नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलांना रोस्ट हवेच असेल तर सव्वा किलोची अख्खी कोंबडी लोणी, मिरी आणि लिंबू लावून १८० अंश सेल्सिअसवर सुमारे सव्वा तास भाजावी, मांडीच्या जाड भागात तापमान ७४ अंशांवर गेल्याची खात्री करावी आणि कापण्यापूर्वी पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. मात्र तेव्हा बेतातून दुसरा एखादा पदार्थ कमी करावा.

गोडाची तयारी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू करावी. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात काम सुरू केले; आज इथल्या ख्रिस्ती घरांत केकच्या शेजारी करंजी, शंकरपाळी आणि चकली असतेच, आणि ती जोडी मोडू नये. प्लम केकमध्ये प्लम हे फळ शोधू नये, कारण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाने मनुकाही ओळखल्या जात. मनुका, खजूर आणि संत्र्याची पाकवलेली साल मिळून साडेतीनशे ग्रॅम घ्यावी. ती रममध्ये तीन आठवडे मुरवावी किंवा संत्र्याच्या रसात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवावी. दोनशे ग्रॅम मैदा, तेवढेच लोणी, तेवढीच पिठीसाखर, चार अंडी, चमचाभर बेकिंग पावडर आणि काळपट केलेल्या साखरेचा तीन चमचे पाक, एवढ्या साहित्याचा केक १६० अंशांवर सुमारे सव्वा तासात होतो. तो २१ तारखेला भाजून गुंडाळून ठेवला की २५ तारखेला अधिक चांगला लागतो. केकमध्ये अंडी असल्याचे शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगावे आणि त्यांच्यापुढे करंज्या ठेवाव्यात.

फराळ २२ तारखेपर्यंत डब्यात गेलेला असावा. २४ तारखेला कांदा-खोबऱ्याचे वाटण करून फ्रिजमध्ये ठेवावे, मटार सोलावेत, ताट-वाट्या मोजाव्यात आणि खाटकाला मटणाची मागणी देऊन ठेवावी, कारण सणाच्या सकाळी दुकानात रांग लागते. २५ तारखेला सहा वाजता मटण आणून, धुऊन, हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवावे आणि निश्चिंतपणे उपासनेला जावे. दुपारी अडीचला अळणी चढवावी, चारला जैन पाहुण्यांची भाजी आणि भात वेगळ्या शेगडीवर करावा, पाच वाजता सुके मटण, सहाला तांबडा रस्सा आणि अख्खा मसूर, पावणेसातला मोठा भात, आणि सव्वासातला पांढरा रस्सा घ्यावा. साडेसातला पाने वाढावीत. जेवण आटोपल्यावर शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये. नारळाचा रस्सा उरल्यास लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, आणि वेगळी ठेवलेली अळणी शिल्लक राहिली तर दुसऱ्या दिवशी तिच्यात घनसाळचा भात शिजवावा.