छोट्या संस्थेसाठी देणगी कशी मागावी: आकडा स्वतःच्या तोंडाने सांगा

न्यासाची नोंदणी, पॅन, आयकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (दात्याला करात वजावट) नोंदणी, बँक खातं, लेखापरीक्षण झालेले हिशेब हे सगळं तुमच्याकडे आहे असं मी धरून चालते. नसेल तर आधी चांगला सीए गाठा आणि मग हा लेख वाचा. वर्षाचा खर्च पाच-दहा लाख, कामाचा पसारा एखाद्या वस्तीपुरता आणि नाव त्या वस्तीबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, अशा पुण्यातल्या संस्थांसाठी हे लिहिते आहे.

अशा संस्थांना हल्ली जो तो सांगतो की रील करा, पेज वाढवा, लोगो बदला. या सल्ल्याची मला खरोखर चीड येते, कारण त्यात कार्यकर्त्यांचे महिनेच्या महिने जातात आणि मुलांना शिकवणाऱ्या ताईंचा पगार थकलेलाच राहतो. रील बघून लोक लाइकचा अंगठा देतात. पैसे मात्र ओळखीच्या माणसाने समोर बसून मागितले की देतात. वेबसाइट हवीच, पण तिचं काम एवढंच की तुम्ही मागून आल्यावर दात्याला तुमचे विश्वस्त, हिशेब आणि फोन नंबर तिथे सापडले पाहिजेत. मुलांचे केविलवाणे फोटो तर कुठेच लावू नका. ती मुलं उद्या मोठी होणार आहेत आणि तो फोटो त्यांच्या मित्रांनाही दिसणार आहे.

आधी खर्चाचा आकडा

समजा वस्तीत तुमची अभ्यासिका आहे, मुलं 45. दोन ताईंचा पगार प्रत्येकी 12,000 म्हणजे 24,000. खोलीचं भाडं 9,000. वीज आणि इंटरनेट 1,500. खाऊ 5,500. वह्या-पुस्तकं 2,000. हिशेब, ऑडिट, प्रवास 3,000. महिन्याचे झाले 45,000. एका मुलामागे महिन्याला 1,000, वर्षाला 12,000.

इथे बहुतेक संस्था पगार आणि भाडं झाकून ठेवतात. फक्त वह्या आणि खाऊ दाखवला तर एका मुलाचा महिन्याचा खर्च 167 रुपयांवर येतो आणि ऐकायला फार गोड वाटतो. लोक मग 167 च्या हिशेबाने देतात, जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे येऊन पडतात आणि शिकवायला ताई राहत नाही. मूल शिकतं ते ताईमुळे. म्हणून पूर्ण खर्च सांगा, पगारासकट, पहिल्या दिवसापासून.

यादी

चाळीस नावं लिहून काढा. एकदा दिलेले सगळ्यात वर, मग जुने स्वयंसेवक, विश्वस्तांचे बँकेतले नाहीतर शाळेतले सहकारी, सोसायटीतली माणसं, ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी. शहरातल्या बड्या उद्योगपतींची नावं खोडून टाका. मोठा दाता पहिल्या वर्षी मिळत नसतो. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढची कितीतरी वर्षं लहान लहान देणग्यांसाठी दारोदार हिंडले. त्यांचं महिला विद्यापीठ 1916 मध्ये निघालं आणि मुंबईचे उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसी यांचे 15 लाख आले ते 1920 मध्ये. मधली चोवीस वर्षं लहान रकमांनीच काम उभं ठेवलं होतं.

पितृपक्षात इथे ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं, संस्था आणि दाते तिथे समोरासमोर येतात. तिथे जागा मिळाली तर सोडू नका. आई-वडिलांच्या स्मरणार्थ देणारे, साठी किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने देणारे, लग्नात आहेराऐवजी देणगी सुचवणारे, असे लोक पुण्यात पुष्कळ आहेत. यादीत नावापुढे असा प्रसंगही लिहून ठेवा.

मागणं

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त जड गेलं ते हेच, आणि नव्या कार्यकर्त्यांचं घोडं अडतं तेही इथेच. बाकी सगळं छान होतं. फोन करून वेळ ठरवतात, घरी जातात, चहा येतो, कामाबद्दल भरभरून बोलतात, समोरच्याचे डोळेही पाणावतात. मग चप्पल घालता घालता म्हणतात, “काही मदत करता आली तर बघा, फूल ना फुलाची पाकळी.”

ही फुलाची पाकळी कायमची सोडा. “यथाशक्ती”, “तुमच्या मनाला येईल ते”, “जसं जमेल तसं” हेही सोडा. आपल्याला ते नम्र वाटतं, पण त्याने समोरच्या माणसावर ओझं पडतं. किती दिले म्हणजे शोभेल, हे त्याने कशावरून ठरवायचं? आपल्याकडे प्रत्येकाच्या हाताला गणपतीच्या वर्गणीचा आकडा बसलेला असतो. आकडा तुम्ही सांगितला नाहीत की तोच आठवतो आणि 501 किंवा 1,001 ची पावती फाटते. त्या माणसाने कंजुषी केलेली नसते. तुम्ही काही सांगितलंच नाही, म्हणून त्याने ठाऊक असलेला आकडा दिला.

वाक्य घरी मोठ्याने म्हणून जा. माझं असं असतं: “काका, आमच्या अभ्यासिकेत एका मुलामागे वर्षाला 12,000 रुपये खर्च येतो. तुम्ही पाच मुलांचं वर्ष उचलावं अशी माझी विनंती आहे. साठ हजार रुपये.” संपलं. यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात: एका मुलाचा खर्च, किती मुलं, आणि एकूण रक्कम रुपयांत. रक्कम सांगितली नाही तर काका मनातल्या मनात गुणाकार करत बसतील, किंवा करणारच नाहीत.

एकच आकडा सांगा. “पंचवीस ते साठ हजार” म्हटलंत की पंचवीस मिळतात. आणि तो आकडा त्यांच्या बंगल्याकडे बघून ठरवू नका. कोथरूडमधल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका बंगलेवाल्यांपेक्षा जास्त देतात, हे या कामात कुणालाही विचारा. त्यांचं तुमच्या कामाशी नातं किती जवळचं आहे, कधी येऊन बघितलंय का, याआधी इतरत्र किती दिलंय, यावरून ठरवा. काहीच अंदाज नसेल तर एका मुलाचं वर्ष मागा.

आकडा सांगून झाला की गप्प बसा.

हे वाक्य वाचायला सोपं आहे, करायला अतिशय अवघड. साठ हजार म्हटल्यावर खोलीत शांतता होते आणि ती आपल्याला सहन होत नाही. लगेच जीभ वळते: “म्हणजे जमलं तर हं काका, पाच-दहा हजारसुद्धा चालतील.” साठचे पाच तुम्हीच केलेत, काकांनी अजून तोंडही उघडलेलं नाही! ती शांतता नकाराची नसते. काका मनात ठेवींचं व्याज मोजत असतात, काकूंकडे बघत असतात, नातवाची फी कधी भरायची ते आठवत असतात. त्यांना तेवढा वेळ हवा आहे. चहाचा घोट घ्या, बशीकडे बघा, पण बोलू नका. दोघं गेला असाल तर हे सोबत्याला आधी बजावून ठेवा, कारण तुम्ही गप्प राहिलात तरी तो तोंड उघडतो. माझा नियम असा की मागायला दोघांनी जायचं, आकडा एकानेच सांगायचा आणि दुसऱ्याने त्या आकड्याला हात लावायचा नाही. मुलांना तर बरोबर नेऊच नका. आपल्यासाठी पैसे मागितले जाताना मुलाने तिथे बसणं मला साफ चुकीचं वाटतं.

फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर मागून चालेल का? मोठ्या रकमेसाठी नाही. ग्रुपवर टाकलेलं आवाहन कुणा एकाला केलेलं नसतं, म्हणून कुणीच ते आपलं मानत नाही. निरोप पाठवायचा तर भेटीची वेळ ठरवण्यासाठी पाठवा.

समोरून काय येईल

“हो” आलं तर तिथेच विचारा: कधी, आणि चेक की ऑनलाइन? खात्याचा तपशील छापलेला कागद हातात द्या आणि पॅन मागून घ्या. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हेही सांगा. क्यूआर कोडवर पैसे आले तर त्याच दिवशी फोन करून नाव-पत्ता-पॅन घ्या, नाहीतर वर्षअखेरीला नुसता व्यवहार क्रमांक हातात राहतो.

“माझे पैसे पगारावर तर जाणार नाहीत ना?” हा प्रश्न हमखास येतो. घाबरून “नाही नाही” म्हणू नका, ते खोटं असतं. मी सांगते, “हो काकू, निम्म्याहून जास्त पगारावरच जाणार. ताई रोज संध्याकाळी तीन तास शिकवते, वस्तीतल्या घराघरांत जाते. ती सोडून गेली तर वह्या घेऊन मी काय करू?” बहुतेकांना हे लगेच पटतं, कारण इतक्या सरळपणे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांना पटत नाही त्यांना नमस्कार करून निघा. पगाराला न चालणारे पैसे घेतले की ते खर्च करायलाही दुसरीकडून पगार आणावा लागतो.

“विचार करून सांगतो” असं म्हणाले तर तारीख तुम्ही द्या: “मग मी पुढच्या शुक्रवारी फोन करू का?” आणि त्या शुक्रवारी करा. “जुने कपडे आहेत, घेऊन जा” असं म्हणाले तर आभार मानून, कपडे घेणाऱ्या दुसऱ्या संस्थेचा पत्ता द्या. नकार आला तर “तुमच्या ओळखीत आणखी कुणाला भेटू?” असं विचारल्याशिवाय उठू नका.

साठ हजार एकरकमी जड वाटत असतील तर महिन्याला 5,000, यूपीआय ऑटोपेवर. पगार दर महिन्याला द्यावा लागतो, त्यामुळे दर महिन्याला येणारे पैसे मला एकरकमीपेक्षाही मोलाचे वाटतात.

आणि पुण्यात हमखास येणारं उत्तर: “आमचा मुलगा अमेरिकेत असतो, त्याला सांगते, तो पाठवेल.” आनंद झाला तरी एक प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलं तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असूनही ती देणगी विदेशी ठरते, मग ती रुपयांत आणि इथल्या खात्यातून दिलेली का असेना. एफसीआरए नोंदणी, म्हणजे विदेशी देणगी घेण्याची सरकारी नोंदणी, नसेल तर ती देणगी घेऊ नका. नोंदणी असली तरी ती रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. “पन्नास हजारांना कोण बघतंय” असं म्हणणाऱ्याचा सल्ला ऐकून संस्था धोक्यात घालू नका.

कंपन्यांचा सीएसआर

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. त्यासाठी हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांकडे जायचं असेल तर कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 ही नोंदणी आधी लागते. ती 1 एप्रिल 2021 पासून सक्तीची आहे. माझं मत असं की पहिली दोन-तीन वर्षं घरोघरचे दाते जोडा आणि कंपनी नंतर. एका कंपनीच्या पैशावर सगळं चालत असेल तर तिथला अधिकारी बदलला की अभ्यासिका बंद पडते.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. कंपनीची माणसं सांगतात, “कायद्याने प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांचीच मर्यादा आहे, तुमचे पगार त्यात बसवा.” ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही, असं कंपनी मंत्रालयाने ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. त्याची प्रत घेऊनच बैठकीला जा आणि शिकवणाऱ्या ताईचा पगार प्रकल्पखर्च म्हणूनच लिहा.

पैसे आल्यावर

पावती त्याच दिवशी. आयकर विभागाकडे देणग्यांचं विवरणपत्र भरून दात्याला प्रमाणपत्र द्यायचं ते आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क बसतं आणि दात्याची वजावट अडकते. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पावतीवरचा मजकूर सीएकडून तपासून घ्या. करसवलतीचं आमिष दाखवून मागू मात्र नका. नव्या करप्रणालीत 80जी ची वजावट मिळतच नाही आणि बरेच लोक आता त्यात आहेत.

तीन महिन्यांनी एक पत्र पाठवा, मराठीत, एका पानाचं. किती मुलं येतात, किती गळली आणि का, पैसे कशावर खर्च झाले. गळालेल्या मुलांबद्दल लिहायला लाजू नका, त्यानेच दात्याचा विश्वास बसतो. सहा महिन्यांनी त्यांना अभ्यासिकेत बोलवा आणि त्या दिवशी एक रुपयाही मागू नका.

वर्षाने परत जाल तेव्हा गेल्या वेळचा आकडा वहीत बघून जा आणि त्याहून कमी मागू नका. ताईंचा पगार वाढवला असेल, भाडं वाढलं असेल, तर तेही सांगा: “काका, एका मुलाचा खर्च आता 13,000 झालाय. त्याच पाच मुलांचं हे वर्षही तुम्ही उचलावं. पासष्ट हजार रुपये.” आणि पुन्हा गप्प बसा.