हार सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार मराठी आणि फ्रेंचच्या आधाराने कसे शिकावेत

ठाणे-नवी मुंबईत अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुले पुष्कळ असतात, आणि त्यांच्या वह्यांत प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचारापुढे एकेक मराठी प्रतिशब्द लिहिलेला आढळतो. पराभवाच्या वाक्प्रचारांना ही पद्धत पुरत नाही, कारण एकच हार हरणारा, हरवणारा आणि बघणारा वेगवेगळ्या शब्दांत सांगतो. म्हणून वहीत अर्थाच्या आधी दोन गोष्टी लिहाव्यात: वाक्याचा कर्ता कोण आहे, आणि हरण्यापूर्वी त्याची स्थिती काय होती. शेजारच्या रकान्यात फ्रेंच वाक्प्रचार लिहावा. तो वाटतो त्याहून अधिक वेळा उपयोगी पडतो.

सुरुवात 'बाइट द डस्ट'पासून करावी. मराठीत आपण शत्रूला धूळ चारतो, म्हणजे कर्ता जिंकणारा असतो. इंग्रजीत मात्र धूळ चावणारा हाच कर्ता असतो आणि तो हरलेला असतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे 'वुई बिट देम द डस्ट' अशी निरर्थक वाक्ये तयार होतात. फ्रेंचमधील 'मोर्द्र ला पूसिएर' इंग्रजीप्रमाणेच चालतो, पण त्याच्याआधी 'फेर' हे प्रयोजक क्रियापद लावले की नेमके आपले 'धूळ चारणे' मिळते, आणि त्याच धर्तीवर इंग्रजीतही 'मेड देम बाइट द डस्ट' म्हणता येते. 'धूळ खात पडणे' आणि 'माती खाणे' यांचे अर्थ अगदी निराळे असल्याने ते या पानावर आणू नयेत. बंद पडलेल्या मिक्सरविषयीही इंग्रजीत 'बाइट द डस्ट' गमतीने म्हणतात. कोणाच्या निधनाची बातमी देताना मात्र तो कधीही वापरू नये.

'मीट वन्स वॉटर्लू' या वाक्प्रचारापाशी अधिक थांबावे लागते. १८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममधील वॉटर्लू येथे नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला, आणि म्हणून हा वाक्प्रचार तोवर जिंकत आलेल्या माणसालाच शोभतो. मराठी विद्यार्थ्याला येथे लगेच १४ जानेवारी १७६१ चे पानिपत आठवते, परंतु 'गणिताच्या पेपरात पानिपत झाले' असे आपण पहिल्याच चाचणीत नापास झालेला मुलगाही म्हणू शकतो, त्यासाठी आधीच्या विजयांची गरज नसते. पानिपताचा खरा जोडीदार फ्रेंचमध्ये सापडतो. एखाद्या कामाची पुरती वाताहत झाली की फ्रेंच माणूस 'से ला बेरेझिना' म्हणतो; बेरेझिना ही आजच्या बेलारूसमधील नदी, आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना ती ओलांडताना नेपोलियनच्या सैन्याची भयंकर हानी झाली होती. उरलेले सैन्य पार गेले, ही गोष्ट बोलण्याच्या ओघात सगळे विसरतात.

'पिऱ्हिक व्हिक्टरी'समोर 'गड आला पण सिंह गेला' लिहिण्याचा मोह होतो, आणि मला तो पटत नाही. एपिरसचा राजा पिऱ्हस याने इसवी सनपूर्व २७९ मध्ये ॲस्क्युलम येथे रोमनांना हरवले, पण त्याचे इतके लोक पडले की असा आणखी एक विजय म्हणजे आपला नाशच, असे त्याला वाटल्याचे सांगतात. १६७० मध्ये तानाजी पडले तेव्हा शोक अपार होता, तरी गड घेणे व्यर्थ गेले असे कोणी मानले नाही. इंग्रजी वाक्प्रचारात विजयाची किंमत वसूल होत नाही. मराठीत ती मान खाली घालून मान्य केलेली असते.

'थ्रो इन द टॉवेल' मुष्टियुद्धातून आला आहे. जुन्या इंग्रजीत टॉवेलऐवजी स्पंज होता आणि फ्रेंचने 'जते लेपाँज' म्हणत तो स्पंज अजून जपला आहे. हा वाक्प्रचार अर्ध्यावर स्वतःहून माघार घेणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे पूर्ण पेपर लिहून नापास झालेल्याला तो लागू पडत नाही.

'डॅम्प स्क्विब' सर्वांत सोपा, कारण आपला 'फुसका बार' आणि फ्रेंचचा 'पेतार मूये' हे दोन्ही त्याचेच भाऊ आहेत. फक्त 'स्क्विब'चे 'स्क्विड' होऊ देऊ नये, कारण फटाक्याचा माकूळ होतो, म्हणजे समुद्रातला प्राणी. बेत फिसकटला तर 'फॉल थ्रू', विनोदाला कोणी हसले नाही तर 'फॉल फ्लॅट', कंपनीने गाशा गुंडाळला तर 'गो बेली अप', आणि शोधून हात हलवत परत आलो तर 'ड्रॉ अ ब्लँक'. या शेवटच्या प्रसंगी फ्रेंच माणूस 'फेर शू ब्लाँ' म्हणतो, म्हणजे शब्दशः पांढरा कोबी करतो.

क्रिकेटमुळे आपल्या मुलांना एक ठिकाणी सावध राहावे लागते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये षटकार म्हणजे जल्लोष, पण 'नॉक्ड फॉर सिक्स' म्हणणारा माणूस त्या चेंडूच्या जागी असतो आणि एखाद्या बातमीने पुरता कोलमडलेला असतो.

सरावासाठी आपल्याच परिसराचा इतिहास घ्यावा. ठाण्याचा किल्ला, जेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांनी जिंकला. दोन्ही घटना 'बाइट द डस्ट' वापरून लिहिताना कर्ता बदलतो का ते पाहावे. १७३७ ला पोर्तुगिजांचे वॉटर्लू म्हणावे का, याचेही उत्तर लिहावे. उत्तर कोकणातील त्यांची सत्ता दोन वर्षांनी वसईत संपली, त्यामुळे तो मान १७३९ ला जातो. वसईच्या वेढ्यात चिमाजी अप्पांची बरीच माणसे पडली, तरी तेथे 'पिऱ्हिक' लिहिले असेल तर ते खोडावे, कारण पुढे कित्येक वर्षे तो किल्ला मराठ्यांकडेच राहिला.