आजोबा नौदलात होते: त्यांच्या सेवेची आणि घराची नोंद कशी जुळवायची

गोव्यात ‘आजोबा बोटीवर होते’ एवढ्याने काहीच ठरत नाही. व्यापारी जहाजावरचा तारवटी आणि नौदलातला नाविक यांची दप्तरं पूर्ण वेगळी, त्यामुळे पहिलं काम म्हणजे ट्रंकेतला कागद ओळखणं. सीडीसी पुस्तक (व्यापारी जहाजावरच्या खलाशाचं सेवा-पुस्तक) असेल आणि त्यात जहाजावर चढल्या-उतरल्याचे शिक्के असतील, तर माणूस व्यापारी जहाजावर होता. सेवा क्रमांक, हुद्दा आणि पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) असेल, तर नौदल. काहींच्या ट्रंकेत दोन्ही सापडतं: नौदलातून निवृत्त होऊन पुढे तारवटी झालेले. अशा वेळी दोन फायली करा.

पुढची सगळी शोधाशोध सेवा क्रमांकावर चालते. डिस्चार्जचे कागद किंवा पीपीओ हरवला असेल तर पदकं काढा. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंग घ्या, टॉर्चचा उजेड आडवा टाका, म्हणजे झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. ब्रासो मात्र लावू नका. गणपतीला समया घासताना पदकंही त्यातच घासून निघतात आणि दरवेळी कडेवरचं अक्षर थोडं थोडं जातं.

पदक काय सांगतं आणि काय सांगत नाही, हेही पाहा. १९७१ चं संग्राम पदक त्या काळात सेवेत असलेल्यांना मिळालं. ते छातीवर आहे म्हणून माणूस कराचीच्या हल्ल्यात होता असं होत नाही. पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार असेल तर निदान कुठल्या आघाडीवर होता ते कळतं. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलच्या फितीवर ‘गोवा १९६१’ ही पट्टी असेल, तर गोवा मुक्तीच्या कारवाईच्या, म्हणजे ऑपरेशन विजयच्या वेळची त्याची नेमणूक शोधायलाच हवी.

आता जहाजांची यादी. घोटाळा नेमका इथे होतो. आयएनएस (इंडियन नेव्हल शिप) म्हटलं की तरंगणारं जहाज असं नाही. नौदलाचे किनाऱ्यावरचे तळही त्याच नावाने ओळखले जातात: लोणावळ्याचं शिवाजी, जामनगरचं वालसुरा, मुंबईचं आंग्रे, आपल्या दाबोळीचं हंसा. ‘आयएनएस शिवाजीवर दोन वर्षं’ म्हणजे प्रशिक्षण, सफर नव्हे. दुसरी गोष्ट, नावं पुन्हा वापरली जातात. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ बुडालेली खुकरी ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका. त्याच नावाची दुसरी खुकरी १९८९ मध्ये दाखल झाली. विक्रांत, दिल्ली, म्हैसूर, बेतवा यांचंही तसंच. मुरगाव बंदरात १८ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांच्या अफोन्सो द आल्बुकेर्कशी लढलेली बेतवा आजची नव्हे. म्हणून इंटरनेटवरून जहाजाचा फोटो घेण्याआधी वर्ष जुळवा. नातवंडांनी केलेल्या फ्रेममध्ये भलतंच जहाज दिसतं ते याच चुकीमुळे.

नाविकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईला मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अधिकाऱ्यांच्या दिल्लीला. अर्जात सेवा क्रमांक, पूर्ण नाव, हुद्दा, शाखा, भरतीची आणि सेवेतून सुटल्याची तारीख लिहा. सोबत मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. आजी हयात असतील तर अर्ज त्यांच्या सहीने करा. पत्नीच्या अर्जाला नात्याचा प्रश्न कमी येतो. पणजीच्या राज्य सैनिक मंडळात आधी एकदा जाऊन या, मसुदा तिथे दाखवता येतो. उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ‘सगळी माहिती द्या’ असं मोघम मागू नका. ‘अमुक क्रमांकाच्या नाविकाच्या नेमणुकांची तारखांसह यादी’ असं नेमकं लिहा.

नाव जुळत नाही ही खास गोव्याची डोकेदुखी. १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या. नाईकचं ‘Naique’, कामतचं ‘Camotim’, प्रभूचं ‘Porobo’. नौदलाच्या भरतीत मात्र कारकुनाने ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. शिवाय मुक्तीआधी भरती झालेला मुलगा बहुधा मुंबईच्या पत्त्यावर गेलेला, म्हणून गावाच्या रकान्यात गिरगावही सापडेल. नावाची सगळी रूपं एका पानावर उतरवून ते पान प्रत्येक अर्जाला जोडा. जन्माची आणि लग्नाची नोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे विचारा, फार जुनी असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात. देवस्थानाच्या महाजनांच्या (वंशपरंपरेने सभासद असलेल्यांच्या) नोंदवहीतही वडिलांचं, आजोबांचं नाव मिळून जातं.

फोटोत डाव्या दंडावरचं चिन्ह बघा. एक नांगर म्हणजे लीडिंग सीमन, तिरपे दोन नांगर म्हणजे त्याच्या वरचा हुद्दा, पेटी ऑफिसर. वर मुकुट असेल तर फोटो १९५० च्या आधीचा, सिंहमुद्रा असेल तर नंतरचा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेवरूनच ६०० डीपीआयवर स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नको, पावसाळ्यात कडेने ओल शिरली की आत बुरशी धरते आणि मग उलगडताही येत नाही. आम्लरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या मिरगाआधी बदला.

आता सेवा आणि घर जुळवायची वही. मोठ्या रजिस्टरच्या डाव्या पानावर जहाज, समोरच्या उजव्या पानावर घर, दोन्हीकडे महिना-वर्ष एकाच ओळीत. डावीकडे डिसेंबर १९७१ मध्ये नेमणूक. उजवीकडे त्याच महिन्यात कोण आजारी, कोणाची मुंज, मनीऑर्डर आली की नाही. जुनी पत्रं इथे उपयोगी पडतात. पत्ता ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असला तरी जहाजाचं नाव वर असतंच, आणि तारीख शिक्क्यावर. आजींना ‘युद्धात काय झालं’ विचारलं तर ‘आम्हाला काय ठाऊक’ एवढंच येईल. ‘त्या वर्षी चवथीला ते घरी होते का’ विचारा. चवथ, शिगमो, जत्रा यांवरून सुटीचे महिने पक्के होतात, आणि डाव्या पानाशी ताडून पाहता येतात.

१९७१ चं युद्ध तेरा दिवसांचं. नाविक बहुतेकदा चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होऊन घरी आलेला, म्हणजे वहीची जास्त पानं त्यापुढचीच. मुरगाव बंदरात लागले की गोवा शिपयार्डात, की मांडवी-जुवारीवर खनिजाच्या बार्जवर? बार्जवर असतील तर परवाना शोधा. घर कधी बांधलं, पेन्शन कोणत्या बँकेत येई, मुलं कुठे शिकली, हेही तारखांसह लिहा.

प्रत्येक नोंदीपुढे ‘क’ किंवा ‘तों’ लिहा: कागदावरून की तोंडी. दोन्ही जुळत नसतील तर दोन्ही ठेवा, खोडू नका. रिकामी ओळ रिकामीच राहू द्या. मानखुर्दहून यादी आली की ती भरता येते.